उदाहरणातला माणूस

चौथ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसणाऱ्या गृहस्थांना ऑफिसात सगळे तळटीप साहेब म्हणत. हे नाव त्यांना पहिल्यांदा कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण ते त्यांना अगदी मापानं शिवल्यासारखं बसलं होतं. कोणतंही बोलणं ते सरळ संपवत नसत. कोणी विचारलं, "साहेब, चहा घेणार?" तर ते म्हणत, "घेईन. फक्त साखर आधीच घातलेली असेल तर राहू द्या." पाऊस पडेल का म्हणून विचारलं तरी उत्तराच्या शेवटी एखादी अट असायचीच. समोरचा हसत निघून जायचा. साहेबांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे, पण त्याचा रागही येत नसे.

कंपनी सॉफ्टवेअर करायची. इतर कंपन्यांमध्ये कोणतं काम कोणाकडे आहे, कधीपर्यंत व्हायला हवं, कुठं अडलंय, हे सगळं ज्यात नोंदवायचं, असं ते सॉफ्टवेअर होतं. साहेब तिथं सव्वीस वर्षं होते आणि सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे ते लिहून द्यायचे. सुरुवातीला त्याचं जाडजूड पुस्तक निघायचं. चारशे बारा पानांच्या त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर साहेबांच्या टेबलावरच्या फोनचा नंबर छापलेला असे, आणि तो फोन दिवसभर वाजायचा. कुठल्या तरी कारखान्याच्या ऑफिसातल्या बाई तावातावानं म्हणायच्या, "पान एकशे अठरावर तुम्ही सांगताय डाव्या कोपऱ्यात बटण आहे. अहो, आमच्याकडे डाव्या कोपऱ्यात काहीसुद्धा नाही!" मग साहेब विचारायचे, "बाई, तुम्ही खिडकी छोटी केलीय का?" पलीकडून लगेच, "अगंबाई, खरंच की!" साहेब फोन ठेवायचे आणि पुढच्या आवृत्तीत पान एकशे अठराच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ घालायचे.

पुढं पुस्तक छापणं बंद झालं आणि तेच सगळं पडद्यावर आलं. मग तेही कोणी वाचेना. लोक दोन मिनिटांचे व्हिडिओ बघू लागले. एके वर्षी ऑफिसातली टेबलं बदलली तेव्हा एक मुलगा यादी घेऊन आला, साहेबांच्या फोनकडे बघून म्हणाला, "वर्षभरात सात कॉल, त्यातले पाच रॉंग नंबर," आणि वायर गुंडाळून फोन घेऊन गेला.

साहेबांना काढून टाकणार अशी कुजबुज तेव्हा होती. पण झालं उलटंच. एआय एजंट आले. आता माणसानं पडदा उघडून बटणं दाबायची गरज उरली नाही. माणूस नुसतं सांगणार, "गोदामाच्या दुरुस्तीचं काम नोंदव आणि कोणाला तरी दे," आणि एजंट ते करणार. पण एजंटला बटण दिसत नाही, डावा कोपरा दिसत नाही. त्याच्या हातात फक्त टूल्सची, म्हणजे त्याला करता येणाऱ्या एकेका कृतीची, यादी असते आणि प्रत्येक टूलचं लिहिलेलं वर्णन असतं. हे टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, त्याला काय काय माहिती द्यावी लागते, चुकलं तर काय उत्तर येतं, हे सगळं त्या वर्णनात असतं. ते वाचायचं आणि तसंच्या तसं करायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळं आता कोणीतरी अशी वर्णनं लिहायला हवी होती, आणि 'फक्त', 'मात्र', 'असे असल्यास' या शब्दांवर ज्याचा हात सव्वीस वर्षं बसला होता असा माणूस कंपनीत एकच होता.

साहेबांनी छप्पन्न टूल्सची वर्णनं लिहिली. एकेका टूलला कधी दोन दिवस लागले, कधी आठवडा. लिखाण चांगलं उतरलं होतं, हे त्यांचं त्यांना कळत होतं. पण वाचणारा फोन करत नव्हता. तो भांडत नव्हता की 'अगंबाई' म्हणत नव्हता. दर वेळी तो पहिल्यापासून वाचायचा, काम करायचा आणि विसरून जायचा.

घरीही साधारण असंच होतं. मुलीला बाळ झालं तेव्हा बायको सहा महिन्यांसाठी म्हणून मुलीकडे, दुसऱ्या शहरात गेली होती. त्याला आता तीन वर्षं होत आली. भांडण नाही, अबोला नाही, कोणाचं काही चुकलेलं नाही. आधी बाळ लहान होतं, मग मुलगी नोकरीवर रुजू झाली, मग नातीची शाळा सुरू झाली. दर वेळी कारण खरं होतं. रोज आठ वाजता फोन यायचा. साहेब तोवर जेवून ताट धुऊन ठेवायचे, कारण एका ताटाला काय वेळ लागतो. बायको नातीचं सगळं सांगायची, मग फोन नातीकडे द्यायची, नात फोनवर श्वास घेत उभी राहायची, आणि मागून आवाज यायचा, "अगं बोल ना आजोबांशी!" साडेआठपर्यंत सगळं आटपलेलं असायचं.

तो मंगळवार होता. इमारतीची देखभाल बघणारा गडी किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात येऊन उभा राहिला.

"सर, तिसऱ्या मजल्यावरचा पडदा तुम्ही बघणार आहात म्हणे?"

"कसला पडदा?"

"खिडकीचा हो. दोरी तुटलीय. ऊन थेट तोंडावर येतं म्हणून लोक बोंबलतायत. मी बघितलं तर काम तुमच्या नावावर."

"माझ्या? मी पडद्याचं काय करणार?"

"तेच मी म्हटलं. म्हटलं, साहेब आता शिडीवर चढणार की काय!" तो हसला, खुर्ची ओढून बसला, आणि त्यानं पडद्याची, दोरीची आणि दोरी आणून देणाऱ्या माणसाची सगळी कहाणी सांगितली. वीस मिनिटं गेली. उठताना म्हणाला, "इथं गार लागतं नाही तुमच्याकडे? जिन्यातून वारा येतो. फळी मारून देतो एक." या खोलीत वारा येतो हे साहेबांनी सहा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

बुधवारी चित्रं काढणाऱ्या विभागातली मुलगी आली. तिला कोणत्या तरी चिन्हाचा रंग ठरवून हवा होता आणि ते काम साहेबांच्या नावावर होतं. दुपारी नव्या लोकांना शिकवणारा मास्तर आला. मास्तर ही त्याची पदवी नव्हती, सवय होती. तो म्हणाला, "तळटीप साहेब, आमच्या वर्गाची खोली तुम्ही ठरवणार? छान झालं. निदान खुर्च्या मोजून तरी ठेवाल." साहेबांनी त्याला चहा पाजला.

साहेब शिस्तीचे होते. त्यांनी आखीव वही काढली, पट्टीनं चार रकाने पाडले: क्रम, काम, कोण आलं, कोणाकडे पाठवलं. मग प्रत्येक काम खरं कोणाचं ते शोधून ते स्वतः त्या माणसाकडे चालत गेले. सॉफ्टवेअरमधून एका क्षणात पाठवता आलं असतं, पण तसं त्यांनी केलं नाही. दुसऱ्या मजल्यावर त्यांना वर्षभरात कोणी पाहिलं नव्हतं. "अरे, तळटीप साहेब! वाट चुकलात काय?" असं म्हणत लोक खुर्ची पुढं करत होते.

हे सगळं का होतंय ते त्यांना गुरुवारी कळलं. एजंट काम करताना आपण काय ठरवलं आणि का, हे एका नोंदीत लिहून ठेवतो. साहेबांनी पडद्याच्या कामाची नोंद उघडली. तिथं लिहिलं होतं: 'काम कोणाला द्यायचे ते सांगितलेले नाही. टूलला व्यक्तीचा क्रमांक आवश्यक आहे. वर्णनात ४०७१ दिला आहे. ४०७१ वापरत आहे.'

४०७१ हा साहेबांचा स्वतःचा क्रमांक होता.

त्याचं असं झालं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांनी पुस्तकात एक मनानं रचलेलं उदाहरण दिलं होतं आणि ते करून बघणाऱ्या एका गिऱ्हाइकाची अर्धी दुपार वाया गेली होती. त्या माणसाचं बोलणं साहेबांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्यांचा नेम होता की स्वतः करून पाहिलं नाही असं उदाहरण लिहायचं नाही, खोटा आकडा घालायचा नाही. 'काम सोपवा' या टूलचं वर्णन लिहिताना त्यांनी नेमाप्रमाणं ते आधी स्वतः चालवून बघितलं होतं, आणि दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर नसतं काम पडायला नको म्हणून आपलाच क्रमांक वापरला होता. 'व्यक्तीचा क्रमांक: चार अंकी. उदाहरणार्थ, ४०७१.' सव्वीस वर्षांत कुठल्याही माणसानं 'उदाहरणार्थ' म्हटलेल्या क्रमांकाला खरा मानलं नव्हतं. एजंटनं मानलं. कोणाचं ते काम कळेना, क्रमांक तर हवा, आणि समोर एक धडधडीत लिहिलेला.

साहेबांनी ती नोंद तीनदा वाचली. कान गरम झाले. पण त्याबरोबर आणखी काहीतरी झालं, जे त्यांनी कोणाला सांगितलं नसतं. कोणीतरी त्यांचं लिखाण शब्द न् शब्द वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, त्यावर विश्वास ठेवला होता.

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची. साहेबांनी फाइल उघडली, कर्सर त्या चार आकड्यांच्या शेवटी नेला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. "साहेब, येऊ का? ते छपाईचं काम तुमच्याकडे दिसतंय..."

"या, या. बसा," साहेब म्हणाले आणि फाइल तशीच बंद केली.

पुढचा आठवडाभरही ती बंदच राहिली. साहेब मनाची समजूत घालत होते. एजंट अजून फक्त ऑफिसातल्या ऑफिसात चाचणीसाठी होते, गिऱ्हाइकांकडे जायला महिना होता. गिऱ्हाइकांच्या कंपनीतही कोणीतरी ४०७१ असेल, कुठला तरी भलताच माणूस, आणि त्याच्या डोक्यावर हे सगळं कोसळेल, हे त्यांना कळत होतं. त्याआधी दुरुस्त करायचंच. आज नाही तर उद्या. वहीत त्रेसष्ट नोंदी झाल्या. शर्ट इस्त्रीचा घालायला लागले. चहाचे कप दोनाचे चार आणून ठेवले.

"आज फोन उशिरा उचललात?" बायकोनं विचारलं.

"हो, आत्ताच आलो. कामं फार झालीत गं."

"तुम्हाला? आता?"

"सगळे माझ्याकडेच येतात. देखभालवाले, शिकवणारे, सगळे."

"बघा बाई. आणि रजा घेऊन येणार होतात पंधरा दिवस, त्याचं काय? लेक रोज विचारते, बाबा कधी येणार म्हणून."

"आत्ता नाही जमायचं. इथं माझ्यावाचून अडतंय." हे वाक्य साहेब किती वर्षांनी बोलले होते! बायको म्हणाली, "बरंच आहे की. माणूस कामात असलेला बरा." तिच्या आवाजात सुटका होती, कसली ते साहेबांनी तपासलं नाही.

आणि मग चाचणी विभागातली बाई आली.

नवं काही तयार झालं की ते नीट चालतं का हे बघायचं काम तिचं. आठवा महिना होता, दोन मजले चढून आली होती, दाराशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सर, सोमवारपासून माझी रजा सुरू होतेय. माझ्या अकरा कामांना नवा माणूस हवा होता. एजंटला सांगितलं, सोपवून टाक. तर अकराच्या अकरा तुमच्याकडे! आमचे विभागप्रमुख म्हणाले, झालं तर मग, तळटीप साहेब अनुभवी आहेत, कुरकुर करायची असती तर एव्हाना केली असती. खरंच घेणार आहात तुम्ही?"

ही वेळ होती. साहेबांना ते तेव्हाही माहीत होतं. एका वाक्यात संपलं असतं. पण ती खुर्चीवर टेकली, पाण्याचा ग्लास घेतला आणि म्हणाली, "मला तर बाई हायसं वाटलं. इथं कोणाला काही सांगायला गेलं की अर्धं ऐकतात आणि मोबाईल बघतात. तुम्ही निदान लिहून तरी घ्याल."

साहेबांनी वही उघडली. तासभर ती सांगत राहिली आणि ते लिहीत राहिले. मध्येच ती थांबायची, पोटावर हात ठेवून म्हणायची, "लाथा मारतोय बघा. याला आत्तापासून सुट्टी हवीय." साहेब हसायचे. त्यांनी सात पानं भरली. जाताना तिनं विचारलं, "जमेल ना सर? आठवं जरा किचकट आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी ते झालंच पाहिजे."

"निर्धास्त जा," साहेब म्हणाले. या वेळी कसलीही अट त्यांनी पुढं जोडली नाही.

अकरातल्या सहा कामांना त्यांनी खरी माणसं शोधून दिली. चार थांबण्यासारखी होती. आठव्यासाठी ते तीन जणांकडे गेले. तिघंही म्हणाले, "ते तिलाच येतं हो. पण तुमच्याकडे आहे ना आता?" साहेबांनी सात पानं पुन्हा पुन्हा वाचली. तिनं सांगितलेला शब्द न् शब्द तिथं होता. पण ते काम करायला ज्या गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात त्यांतली एकही त्यांना माहीत नव्हती. आपण लिहिलेलं वाचून आपल्यालाच काही करता येत नाही, असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता.

पुढच्या गुरुवारी नवी आवृत्ती अडली. बैठकीच्या खोलीत सहा जण जमले. विभागप्रमुख पस्तिशीचा, एका जागी न बसणारा. साहेबांनीच त्याला दहा वर्षांपूर्वी सगळं शिकवलं होतं. तो खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत म्हणाला, "सर, आठवं काम तुमच्याकडे होतं ना? काय झालं?"

"मला ते येत नाही," साहेब म्हणाले.

चारचौघांत ज्यांच्यावर रागवावं अशा वयाचे हे गृहस्थ नव्हते. विभागप्रमुखानं फोन काढला, रजेवर गेलेल्या बाईचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. बऱ्याच वेळानं उचलला गेला. आवाज वयस्कर बाईचा होता.

"ती आत्ता कुठं आडवी झालीय. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तिचा. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, पाय बघवत नाहीत सुजलेले. चार दिवस तरी दम घेऊ द्या हो तिला."

"मावशी, दोनच मिनिटं—"

मागून तिचा आवाज आला. "आई, दे इकडे. काय झालं सर?"

दोन मिनिटांचे पावणेदोन तास झाले. ती अंथरुणात बसून सांगत होती, मध्येच श्वास लागायचा, मग "हं, पुढं" म्हणायची. इकडं एक जण ऐकून करत होता. एकदा ती म्हणाली, "तळटीप सर आहेत ना तिथं? त्यांना विचारा, त्यांच्या पानांत आहे ते." साहेबांनी पान उलटलं, ओळ वाचून दाखवली. ओळ बरोबर होती. कोणी तिकडं लक्ष दिलं नाही. टेबलाच्या त्या टोकाला बसून साहेब फोनच्या जाळीकडं बघत राहिले. त्या जाळीतून तिची आई कोणाला तरी म्हणत होती, "उशी दे गं पाठीला, उशी दे."

काम झालं. लोक उठले. विभागप्रमुख निघणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "दोन मिनिटं थांबा. बोलायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. टूलचं वर्णन, उदाहरण, क्रमांक. विभागप्रमुख आधी हसला. "म्हणजे त्यानं उदाहरणातला माणूस खरा धरला! काय सर तुम्ही, एवढंच ना? बदलून टाका. असं होतंच सुरुवातीला."

"मला हे चौदा दिवस माहीत होतं."

विभागप्रमुख चालायचा थांबला. "माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

साहेबांनी उत्तराची जुळवाजुळव केली. मग जे होतं तेच म्हणाले. "लोक येत होते."

"कुठं?"

"माझ्या खोलीत."

विभागप्रमुखानं त्यांच्याकडं बघितलं. त्याला कळलं असावं, कारण तो लगेच मोबाईलकडे बघू लागला. "बरं," तो म्हणाला, "उद्या दुरुस्त करा. आणि तिची कामं मी वाटून देतो. यापुढं तिला फोन जाणार नाही." दारापाशी थांबून म्हणाला, "सर, तुम्ही खाली येत जा ना जेवायला. आम्ही दीडला बसतो." आणि गेला. तो रागावला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं.

साहेबांनी तिच्या घरी फोन केला. पुन्हा आईनंच उचलला.

"तिला उठवू नका. फक्त एवढं सांगा, की आज जे झालं ते माझ्यामुळं. पुन्हा ऑफिसातून फोन येणार नाही."

"कोण बोलतंय म्हणून सांगू?"

साहेबांनी नाव सांगितलं.

"कोण?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. पलीकडून ती नाव मनाशी घोळवत राहिली. "असं कोणी बोलण्यात नाही आलं हो तिच्या."

"तळटीप म्हणून सांगा," साहेब म्हणाले. "तळटीप सर."

"हां हां, ते होय! लिहून घेणारे!" म्हातारी म्हणाली. "सांगते."

संध्याकाळी आठ वाजता बायकोचा फोन आला. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, नातीच्या श्वासाशी थोडं बोलून घेतलं, आणि मग म्हणाले, "रजा मिळेल मला आता. पंधरा दिवस काय, महिनाभरसुद्धा. पुढच्या आठवड्यात येतो."

"आणि ऑफिसचं?"

"काही अडत नाही माझ्यावाचून. माझीच चूक होती एक, ती सुधारतोय."

पलीकडं भांडी हलल्याचा आवाज आला. "अहो, पुढच्या आठवड्यात म्हणजे... जावयांचे आईवडील आलेत ना परवा. मागची खोली त्यांना दिलीय. मी हॉलमध्ये झोपते नातीपाशी. तुम्ही आलात तर कुठं... म्हणजे या, नको नाही म्हणत मी. पण ते गेले की निवांत आलात तर बरं, नाही का?"

"कधी जाणारेत?"

"तसं विचारता कसं येईल!"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "घाई नाही. ते गेले की कळव."

शुक्रवारी सकाळी त्यांनी फाइल उघडली. उदाहरणातले चार आकडे पुसले. मग हात थांबला नाही. नुसतं उदाहरण काढून भागणार नव्हतं, क्रमांक माहीत नसेल तर एजंटनं करायचं काय, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. खरी चूक ती होती. त्यांनी लिहिलं: 'काम कोणाला द्यायचे हे स्पष्ट सांगितलेले नसेल, तर ते कोणाच्याही नावावर टाकू नका. अंदाज करू नका. ज्या व्यक्तीने काम नोंदवले तिला विचारा आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर यायला वेळ लागला तरी स्वतः ठरवू नका.' मग उरलेल्या पंचावन्न टूल्सची वर्णनं काढून त्यांतली खरी नावं, खरे क्रमांक एकेक करून शोधले. एकूण एकोणीस निघाले. नेम सव्वीस वर्षांचा होता, मोडायला दुपारचे तीन वाजले. दरम्यान दारावर कोणी टकटक केली नाही. विभागप्रमुखानं सगळ्यांना कळवलं असणार.

बदल केला की चालवून बघायचा, हे मात्र त्यांनी सोडलं नाही. त्यांनी स्वतःच एक काम नोंदवलं, 'चौथ्या मजल्यावरची वापरात नसलेली कपाटे मोजणे', कोणाचं नाव न देता, आणि एजंटला सांगितलं, सोपवून दे.

काही क्षणांनी पडद्यावर ओळ उमटली. 'हे काम कोणाला द्यायचे ते आपण सांगितलेले नाही. कृपया सांगाल का? आपले उत्तर येईपर्यंत मी थांबतो.'

बरोबर झालं होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, वेळ टिपून ठेवली. उत्तर द्यायला हात कळफलकावर नेला आणि तसाच ठेवला. मग उठले, कोपऱ्यातले दोन कप धुतले, बाकीचे दोन कपाटात ठेवले. आपल्यापुरता चहा करून आणला. चहा संपेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. खाली रस्त्यापलीकडं कोणीतरी गाडी लावायला जागा शोधत होतं. परत येऊन बसले तेव्हा ओळ तिथंच होती, शेवटी उघडझाप करणारी छोटी रेघ तेवढी चालू. वीस मिनिटं झाली होती. एजंटनं काहीही ठरवलं नव्हतं, तो कोणाकडे गेला नव्हता. साहेबांनी काही बोलावं म्हणून तो थांबला होता.

पावणेपाच वाजता विभागप्रमुखाचा निरोप आला: 'सर, झाली का चाचणी? गिऱ्हाइकांना पाठवायचंय.'

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि टाइप केलं, 'कोणालाही नाही. काम रद्द करा.'

'रद्द केले,' असं उत्तर आलं. साहेबांनी तीही वेळ टिपली, आणि विभागप्रमुखाला कळवलं की चाचणी पूर्ण झाली, पाठवायला हरकत नाही.